पथकात ताशा वाजवणाऱ्या मुलांचे कान जपायचे कसे?

तळ्याकाठी | ८ जुलै, रात्री १०.४०

नमस्कार. माझी मुलगी १६ वर्षांची असून गेल्या वर्षापासून ठाण्यातल्या एका ढोल-ताशा पथकात ताशा वाजवते. जूनच्या अखेरीस सराव सुरू झाला असून तो आठवड्यातून चार संध्याकाळी दोन-दोन तास चालतो. मागच्या शनिवारी ती नऊच्या सुमारास घरी आली, तेव्हा मी कुकर लावून शेजारी निघाले होते आणि तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर, एवढेच तिला सांगून गेले. परत आले तर जिन्यातच भात करपल्याचा वास येत होता, आणि ही स्वयंपाकघरापासून चार पावलांवर दिवाणावर बसून दोन्ही तळवे कानांवर दाबत होती आणि सोडत होती. शिट्ट्या तिला ऐकूच आल्या नव्हत्या. विचारले तेव्हा अगदी सहज म्हणाली, "दडे बसलेत गं कानाला. सकाळपर्यंत सुटतात. सगळ्यांचंच होतं."

सगळ्यांचेच होते, या दोन शब्दांनी मला त्या रात्री झोप लागू दिली नाही.

पथक बंद करावे असे मला मुळीच वाटत नाही. तिथे गेल्यापासून ती मोकळेपणाने बोलू लागली आहे, वेळ पाळू लागली आहे आणि तिला जिवाभावाच्या मैत्रिणी मिळाल्या आहेत. मात्र सरावाखेरीज कॉलेजला जाता-येता लोकलमध्ये तिच्या कानात इअरबड असतात, रात्री अभ्यास करतानाही असतात, आणि मी काही बोलले की "आई, तुला प्रत्येक गोष्टीची भीती वाटते" असे उत्तर मिळते. ज्यांनी आपल्या मुलांना हे पटवून दिले आहे, किंवा जे स्वतः पथकात आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

श्रवणवेध | ९ जुलै, सकाळी ७.१५

ताई, मी श्रवणतज्ज्ञ आहे आणि गेली अनेक वर्षे नवी मुंबईत कानांच्या तपासण्या करते. आपल्या मुलीला कुकरचीच शिट्टी ऐकू आली नाही, ही गोष्ट माझ्या दृष्टीने महत्त्वाची आहे, कारण मोठ्या आवाजाचा पहिला घाव उंच पट्टीच्या आवाजांवर पडतो.

आतल्या कानात शंखासारखा वळलेला जो भाग असतो, त्यात प्रत्येक कानात सुमारे १५ हजार रोमपेशी असतात. हवेतून आलेल्या कंपनांचे विजेच्या संदेशात रूपांतर करून ते मेंदूकडे पाठवणे हे त्यांचे काम. दोन तास प्रचंड आवाजात काढल्यावर या पेशी थकतात आणि दडे बसल्यासारखे वाटते. विश्रांती मिळाली की पुष्कळदा ऐकणे पूर्ववत होते. पण हा प्रकार पुन्हा पुन्हा घडत राहिला की काही पेशी कायमच्या मरतात. पक्ष्यांमध्ये त्या पुन्हा उगवतात, माणसात उगवत नाहीत. त्यामुळे "सकाळपर्यंत सुटतात" हा दिलासा नसून शरीराने दिलेला इशारा आहे, असे मी प्रत्येक मुलाला सांगते.

तपासणीच्या आलेखात ही झीज बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास खड्ड्यासारखी दिसू लागते. तिथे खड्डा पडलेल्या माणसाला बोललेले ऐकू येते, पण नीट कळत नाही. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने निसटू लागतात. गोंगाटात कोणी "सात" म्हणाले की "हात" वाटते, आणि समोरचा पुटपुटतो आहे असे वाटून चिडचिड होते. वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या मुलाच्या बाबतीत याला दुर्लक्ष म्हटले जाते, आणि कानाकडे कोणाचे लक्षच जात नाही.

आता थोडे गणित. कामगारांच्या संरक्षणासाठी अमेरिकेतील नायोश या संस्थेने जी मर्यादा सुचवली आहे, ती ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास अशी आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की त्याची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून सुरक्षित वेळ निम्म्यावर येतो: ८८ डेसिबलला ४ तास, ९१ ला २ तास, आणि असे करत १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे. पथकाच्या मधोमध उभे राहून फोनवरील मापक लावून पाहा, म्हणजे आपली मुलगी या हिशेबात कुठे उभी आहे ते तिलाच दिसेल. फोन हे प्रमाणित यंत्र नव्हे, तरी अंदाज येण्यापुरते ते पुरते.

तिची एकदा श्रवणचाचणी जरूर करून घ्या. मात्र चाचणीपूर्वी किमान १४ तास ती मोठ्या आवाजापासून दूर असली पाहिजे, नाहीतर थकलेल्या कानाचीच नोंद होईल. आणि एक गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवावी: एखाद्या कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागले आणि दुसऱ्या दिवशीही ते सुटले नाही, तर वाट न पाहता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. अशा वेळी उपचार पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू होण्याला फार महत्त्व असते.

जुना ताशेवाला | ९ जुलै, दुपारी १.०५

ताई, मी ११ वर्षे ताशा वाजवला आणि त्यांपैकी शेवटची पाच वर्षे नव्या मुलांना शिकवला. आज मी ३६ वर्षांचा आहे. तीन वर्षांपूर्वी विसर्जनाच्या रात्री माझ्या डाव्या कानात सुरू झालेला आवाज अद्याप थांबलेला नाही. दिवसभर कामाच्या गडबडीत तो जाणवत नाही. पण पावसाळ्यात वीज गेली, पंखा थांबला आणि घर शांत झाले की कानाच्या आत रातकिडा बसल्यासारखा तो स्वच्छ ऐकू येतो. माझ्या लहान मुलाला कुशीत घेऊन निजवताना मी उजवा कान त्याच्याकडे करतो. यापेक्षा जास्त मला त्याविषयी लिहवत नाही.

ढोलापेक्षा ताशा कानाला अधिक जाचतो, असा माझा अनुभव आहे. ढोलाचा दणका छातीत जाणवतो म्हणून तो मोठा वाटतो, पण ताशाचा तडतडाट उंच पट्टीचा असतो आणि भांडे कमरेला बांधलेले असल्यामुळे तो हातभर अंतरावरून थेट आपल्याच कानात येतो. त्यातच टोल, म्हणजे ठोकून वाजवायची थाळी, शेजारी असला तर तो लोखंडी ठणठणाट एका बाजूच्या कानावर सतत आदळत राहतो. माझ्या डाव्या हाताला वर्षानुवर्षे टोलच होता.

आमच्या वेळी कोणी कानात कापसाचे बोळे घातले तर मुले त्याला हसत, आणि खरे सांगायचे तर कापसाने फारसा फरक पडतही नाही. फोमचे इअरप्लग वडापावाच्या किमतीत मिळतात, पण ते घालायचे कसे हे शिकवावे लागते, आणि बहुतेक ठिकाणी तेच राहून जाते. समईची वात वळतो तसा तो बोळा बोटांत वळून बारीक करायचा. मग दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वरच्या बाजूला आणि किंचित मागे ओढायचा, म्हणजे आतली वाट सरळ होते. त्या वाटेने बोळा आत सरकवून तो फुगेपर्यंत बोटाने अर्धा मिनिट दाबून धरायचा. बाहेर निम्मा लोंबत असेल तर तो बसलेला नाही, असे समजावे. नीट बसला की आपलाच आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटतो आणि पहिले दोन दिवस विचित्र वाटते. तिसऱ्या दिवशी त्याची आठवणही राहत नाही.

मुलांची मुख्य शंका अशी असते की इशारा ऐकू येणार नाही आणि ठेका चुकेल. मी स्वतः शेवटची दोन वर्षे प्लग घालून वाजवले आहे. सगळेच आवाज खाली येतात, त्यामुळे ताशा आणि ढोल यांचा परस्पर मेळ मोडत नाही. उलट कान भरून गेल्यावर जो नुसता कल्लोळ होतो, तो होत नाही आणि प्रमुखाची उचल अधिक स्पष्ट कळते.

पण तुम्ही घरी कितीही सांगितले तरी ती ऐकणार नाही, कारण पथकात ती आईचे नव्हे तर ताशाप्रमुखाचे पाहून वागते. त्या दादाशी किंवा ताईशी तुम्ही स्वतः बोला. आम्ही जेव्हा फेटा, कुर्ता आणि ताशाच्या काड्या यांच्या बरोबरीने प्लगची डबी साहित्याच्या यादीत घातली आणि प्रमुखांनी सर्वांसमोर आधी स्वतःच्या कानात प्लग घातले, तेव्हा कोणालाही वेगळे समजवावे लागले नाही. इअरप्लग हा वादकाच्या पोशाखाचा भाग झाला पाहिजे, एवढेच माझे मागणे आहे.

घणसोलीकर | ९ जुलै, रात्री ९.२०

सर्वांचे विचार वाचले. मी ५२ वर्षांचा आहे. लहानपणी आमच्या गावात बेंजो आणि ढोल तासन्‌तास चालत, आम्ही ताशासमोर नाचत असू, आणि माझे कान आजही ठणठणीत आहेत. मुलांना आधीच घराबाहेर काढणे कठीण झाले आहे. त्यातून जी मुले मोबाइल खाली ठेवून एकत्र येऊन घाम गाळून वाजवतात, त्यांच्या मनात भीती घालणे मला योग्य वाटत नाही. कानठळ्या बसवणाऱ्या डीजेच्या भिंती बंद करा, त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण पारंपरिक वाद्यांना त्याच तराजूत तोलू नये.

श्रवणवेध | ९ जुलै, रात्री १०.०५

घणसोलीकर, आपली कळकळ मला समजते आणि मुले पथकात राहावीत हे माझेही मत आहे. मात्र आवाज पारंपरिक वाद्याचा आहे की स्पीकरचा, हे रोमपेशीला कळत नाही. तिच्यापर्यंत केवळ दाब आणि वेळ पोहोचतो.

दुसरे असे की आपल्या बालपणी वर्षात मोजके दिवस आवाजाचे असत आणि मधल्या काळात कानाला शांतता मिळे. आजच्या मुलाला ती मिळत नाही. सराव, लोकलमधले इअरबड, रात्रीचा गेम, जिममधले संगीत या सर्वांची बेरीज त्याच एका कानात होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १२ ते ३५ या वयोगटातील १०० कोटींहून अधिक व्यक्तींच्या श्रवणाला अशा ऐकण्याच्या सवयींमुळे धोका आहे.

आणि ठणठणीत कानांविषयी एक गोष्ट अवश्य सांगते. २००९ मध्ये शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन या संशोधकांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात असे आढळले की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची क्षमता चाचणीत पूर्ववत दिसत असतानाही रोमपेशी आणि मज्जातंतू यांमधले कितीतरी सांधे कायमचे तुटलेले होते. म्हणजे चाचणी चांगली आली, दडे सुटले, तरी आत काहीच झाले नाही असे खात्रीने म्हणता येत नाही. आपणही एकदा तपासणी करून घ्यावी, अशी माझी मनापासून विनंती आहे.

नेरूळ_१७ | १० जुलै, सायंकाळी ६.३०

मी १७ वर्षांची आहे. मोठ्यांच्या चर्चेत लिहू की नको असा विचार करत होते, पण हा विषय आमचाच असल्यामुळे लिहिते.

"म्हातारपणी बहिरी होशील" असे सांगितल्यावर आमच्यापैकी कोणीही इअरबड काढत नाही, कारण म्हातारपण आम्हाला दिसत नाही. माझ्यावर परिणाम वेगळ्याच गोष्टीचा झाला. २०२५ च्या जानेवारीत आमच्या इथल्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे कार्यक्रम झाले, तेव्हा ठाणे जिल्हा बालसंरक्षण कक्षाने लहान मुलांच्या कानांच्या संरक्षणाबाबत आयोजकांना नोटीस पाठवल्याची बातमी आली. त्या निमित्ताने मी शोधले, तर त्यांचा गायक ख्रिस मार्टिन याला कित्येक वर्षांपासून कानात सतत आवाज येण्याचा त्रास आहे, हे त्याने स्वतः जाहीरपणे सांगितलेले मला सापडले. तो प्लग घालून गातो. हजारो लोक ज्याला ऐकायला येतात, तो स्वतः प्लग घालतो, हे कळल्यावर मला प्लगची लाज वाटेनाशी झाली. २०२४ च्या जूनमध्ये अलका याज्ञिक यांनी आपले ऐकणे गेल्याचे सांगितले होते. त्यामागचे कारण विषाणूचे होते, तरी त्याच निवेदनात त्यांनी तरुणांना मोठ्या आवाजातील संगीत आणि हेडफोन यांपासून सावध राहायला सांगितले. ते माझ्या आईने मला वाचून दाखवले होते आणि तेव्हा मी दुर्लक्ष केले होते.

आणखी एक गोष्ट रागाने नव्हे, पण स्पष्टपणे लिहिते. सोसायटीच्या कार्यक्रमात आमच्या उंचीचे स्पीकर आम्ही लावत नाही. हळदीच्या दिवशी डीजे आम्ही ठरवत नाही. तिथे सगळे काका-मामा नाचत असतात आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला इअरफोनवरून बोलतात. ज्या घरात मोठी माणसे हळदीच्या मांडवात स्वतः स्पीकरपासून लांब खुर्च्या मांडतात, तिथली मुले आपोआप लांब बसतात, हे मी माझ्या मामाकडे पाहिले आहे.

येऊरवाट | ११ जुलै, सकाळी ८.५०

नेरूळ_१७, तुमचे म्हणणे अगदी बरोबर आहे. कायद्याविषयी थोडक्यात लिहितो. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा असून रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. आपल्याच ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांनी या प्रश्नावर जनहित याचिका लढवली आणि ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यावर सविस्तर निकाल दिला. हे काम मोठेच आहे. पण हे नियम रस्त्याकाठच्या घरातल्या आजारी माणसासाठी आहेत. आवाजाच्या मधोमध हौसेने उभ्या असलेल्या आपल्या मुलासाठी त्यात काही नाही. त्याचे रक्षण पथकाला, घराला आणि त्याला स्वतःलाच करावे लागेल.

कोपरखैरण्याचा बाबा | ११ जुलै, रात्री ११.१०

इअरबडविषयी आमच्या घरातला अनुभव लिहितो, कारण तळ्याकाठी यांच्या प्रश्नातला तो भाग मागे राहिला आहे.

माझा मुलगा रोज ठाणे-वाशी लोकलने ये-जा करतो. एकदा त्याच्याबरोबर कोपरखैरण्याला चढलो. फलाटावर त्याच्या फोनचा आवाज निम्म्यावर होता. गाडी सुटल्यावर चाकांचा खडखडाट सुरू झाला आणि त्याचे बोट आपोआप वर गेले. ऐरोली सोडून गाडी खाडीकडे निघाली तेव्हा आवाज शेवटच्या रेघेला होता, आणि ठाण्याला उतरून रिक्षाच्या रांगेत उभे राहिलो तरी तो तिथेच होता. तो आवाज वाढवल्याचे त्याला आठवतही नव्हते. मी त्याला काही बोललो नाही, फक्त ती पट्टी दाखवली.

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून त्याच्या फोनच्या सेटिंगमध्ये आवाजाची कमाल मर्यादा ठरवली. त्यावर मी माझा पासवर्ड घातला नाही. ती मर्यादा त्याने स्वतः ठेवली आहे, म्हणूनच ती टिकली, असे मला वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आणि मुलांसाठी ७५ डेसिबलला आठवड्याचे ४० तास असे प्रमाण सांगितले आहे, ते आम्ही एकत्र वाचले. त्याने विचारले, "मग शांत खोलीत कमी आवाजात जास्त वेळ ऐकता येईल ना?" येईल, हेच खरे उत्तर आहे, आणि त्यालाही ते पटले. बाहेरचा गोंगाट अडवणारे हेडफोन घेतल्यास आवाज चढवावा लागत नाही, हे खरे आहे. पण रूळ किंवा रस्ता ओलांडताना ते कानात असता कामा नयेत, ही अट मी हात जोडून घातली आहे आणि तिच्यात सवलत नाही.

तळ्याकाठी | १० सप्टेंबर, रात्री ९.५५

दोन महिन्यांनी लिहिते आहे, त्याबद्दल क्षमस्व. आपण सर्वांनी जे लिहिले, ते मी मुलीला एकटीला बसून वाचू दिले. जुना ताशेवाला यांचा पहिला परिच्छेद तिने दोनदा वाचला आणि काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच सरावात फोनवर आवाज मोजला, तो १०४ डेसिबल भरला. श्रवणवेध यांच्या गणिताने तिथे जेमतेम सहा मिनिटे सुरक्षित होती, आणि ही दोन तास वाजवत होती. तो आकडा तिने पथकाच्या गटावर टाकला. मी ताशाप्रमुखांना भेटले. अवघ्या २३ वर्षांची मुलगी आहे ती, आणि तिलाही अधूनमधून कानात शिट्टी ऐकू येते, हे तिने मला हळू आवाजात सांगितले. त्यानंतरच्या सरावाला तिने सगळ्या ताशेवाल्यांना गोल बसवून प्लगची वात वळायला लावली. फोमचे प्लग घामाने सरकतात अशी तक्रार आली, तेव्हा काहींनी दोरीने जोडलेले रबरी प्लग घेतले आणि ते गळ्यात राहू लागले. सरावाच्या मध्यावर दहा मिनिटे कोणीही वाद्याला हात लावायचा नाही, असेही ठरले.

चाचणी ऑगस्टमध्ये, दोन दिवस सराव नसताना केली. उजवा कान उत्तम आहे. डाव्या कानात ४००० हर्ट्झजवळ लहानसा खड्डा आहे. तज्ज्ञांनी तो आज त्रास देणारा नाही, पण वाढू देऊ नये, असे सांगितले. आलेख पाहून मी रडले आणि तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

विसर्जनाच्या रात्री ती अडीच वाजता घरी आली. सवयीने मी विचारले, "दडे?" तिने मान हलवून नाही म्हटले आणि पाणी मागितले. सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. तीन मुलांनी मिरवणुकीत प्लग काढून खिशात टाकले होते आणि टोल वाजवणारा मुलगा आजही ते घालायला तयार नाही. ताशांच्या ओळीत तिच्या डाव्या हाताला तोच उभा असायचा. नवरात्रातल्या देवीच्या मिरवणुकीपासून टोल मागच्या ओळीत जाणार आहे, असे तिने काल जेवताना सांगितले, आणि त्या मुलासाठी रबरी प्लगची एक जोडी जास्तीची आणायला सांगितली आहे.